खाणीच्या काठावरचं घर

आमच्या घराला किती खर्च आला ते मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि मला विचारावंही लागलं नाही. मागच्या अंगाला जाऊन खड्डा बघितला की महागाई कुठवर आली ते कळायचं.

रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जागा घेतली ती एकोणीसशे तीसच्या आसपास. हे शाळेत मास्तर होते आणि आम्ही दोन अंधाऱ्या खोल्यांत भाड्याने राहत होतो. मुंबईत चार पैसे गाठीला लागलेले लोक तेव्हा गावी येऊन घरं बांधायला लागले होते. त्यांच्या घाईने जांभ्या दगडाचा चिरा महागला, गाडीवाल्यांनी भाडं वाढवलं आणि गवंडीही आता पहिल्या मजुरीत येईनात. आमचा नुसता पाया भरून झाला आणि हातातला पैसा संपला. मला वाटलं, झालं, आता त्या पायावर पावट्याचे वेल चढवायचे. पण मास्तर लोकांना उपाय सुचायला वेळ लागत नाही.

"अगो, आपण चिऱ्यावरच तर उभे आहोत," हे म्हणाले. "विकत कशाला आणायचा?"

आमच्या भागात ही रीतच आहे. आपल्याच जागेत खाण पाडायची, तिच्या चिऱ्यांनी घर बांधायचं आणि मागे उरलेल्या खड्ड्याची विहीर करायची. फक्त शहाणी माणसं खाण दूर कुंपणापाशी पाडतात. ह्यांनी ती घराच्या पाठीशी पाडली, कारण तिथून चिरा वाहायला माणसं कमी लागत. मी बोलले, पण ऐकतो कोण.

भिंती उठल्या. मग हे वासे घ्यायला गेले तर लाकडाचे भाव चढलेले. हे गुपचूप थोडे चिरे काढून शेजारच्या बांधकामाला विकून आले. कौलं मंगळूरकडून गलबतातून यायची, त्यांचंही तेच झालं. जे महागेल त्याची भरपाई खाणीतून व्हायची. घर हातभर वर गेलं की खड्डा त्याच्या दुप्पट खाली जायचा आणि जाता जाता थोडा आमच्याकडे सरकायचा. स्वतःचं घर उभं राहताना बाईमाणसाला जो आनंद व्हायचा तो मला मिळालाच नाही. मी भिंतीकडे बघायचंच सोडलं होतं. माझे डोळे सारखे त्या काठावर.

"भित्री भागूबाई," हे मला म्हणायचे.

तळाशी चिरा संपून पांढुरकी, साबणासारखी माती लागली तेव्हा कुठे खाण थांबली.

पाऊस तोंडावर आला आणि आम्ही राहायला गेलो. वर कौलं होती, पुढे ओटी होती. रस्त्यावरून दिसणारी ओटीची भिंत ह्यांनी हौसेने ताशीव चिऱ्याची केली होती. मागच्या दाराला मात्र नुसती चौकट. फळ्यांपुरतं काही उरलं नव्हतं, म्हणून तिथे माडाच्या झावळ्यांचा झाप टांगला. झापाबाहेर एक पायरी, पायरीपुढे थोडी जमीन, आणि मग खड्डा. पंधरवड्यात तो लाल पाण्याने भरला.

आमची मुलगी नुकती पावलं टाकू लागली होती. मी जुन्या लुगड्याची दोरी वळली, एक टोक स्वयंपाकघरातल्या खांबाला बांधलं आणि दुसरं तिच्या कमरेला. दोरी मी नीट मापून केली होती. पायरीवर बसून तिला पाऊस बघता यावा, पण पायरीच्या पुढे जाता येऊ नये. त्या मापावर माझा सगळा जीव होता.

हे शाळेतून आले की छत्री न मिटताच आधी मागे जाऊन यायचे. काठ किती उरला ते बघायचे. मला भागूबाई म्हणणंही त्यांनी बंद केलं, आणि त्यानेच मी जास्त भ्याले.

श्रावणातली दुपार होती. मी भाकरी थापत होते. मागे काहीतरी जड पाण्यात पडल्याचा आवाज आला. दोरी ताणलेली नव्हती, म्हणून मी भाकरी उलटून मग उठले. झाप बाजूला केला. मुलगी रोजच्यासारखी पायरीवर बसली होती आणि पाय हलवत होती. पायांखाली पाणी होतं. पायरीपुढची जमीन गेली होती. दोरी होती तेवढीच होती.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती दचकली असती. दोरीला धरून तिला हळूहळू आत ओढलं आणि चुलीपाशी घेऊन बसले. भाकरी जळून गेली.

हे आले, मागे गेले, परत आले. पायरी गेली की चौकट जाणार आणि चौकटीमागून घर जाणार, हे सांगायला नको होतं. खड्डा भरायला दगड हवा होता. पावसात गाड्या बंद, खाणी बुडालेल्या. ह्यांनी कोट खुंटीला लावला, पहार घेतली आणि ओटीची ती ताशीव भिंत वरून उतरवायला सुरुवात केली.

रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा इरलं सावरत थांबला. "मास्तरानू, घर बांधताव का मोडताव?"

"अजून ठरलं नाही," हे म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग तोही आत आला. आणखी दोघे आले. एकेक चिरा घरातून मागे गेला आणि पायरीखाली पाण्यात बसला. कितीतरी चिरे नुसते दिसेनासे झाले. मुलीला पाठीशी बांधून मीही ओढत होते. रास पाण्यावर आली तेव्हा ओटीची भिंत संपली होती.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी मागच्या दाराला फळ्या आल्या. ओटी पुन्हा बांधायची होती, पण चिरा महागतच गेला. तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा स्वयंपाकघरातच बसतो.

मुलीला यातलं काही आठवत नाही. माहेरी आली की खांबावरचा दोरीचा वळ आपल्या मुलांना दाखवते आणि म्हणते, "बघा रे, तुमच्या आजीने मला गुरासारखं बांधून ठेवलं होतं." मुलं हसतात. मीही हसते, आणि हसता हसता उठून मागचं दार लावलंय ना ते बघून येते.