बसकी गाडी

पलूसला आमच्या भिंतीला भिंत लावून एक रिटायर फौजी राहतात. माणूस सहा फुटी आणि गाडी मात्र जुनी, शंभर सीसीची. तिच्यात कंपनीचं असं आता इंजिनच तेवढं उरलंय. मडगार्ड तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, मागं टेकायला खाटेच्या पाइपची पाठ आणि डाव्या अंगाला कुळवाची लोखंडी फास वाकवून केलेली पायरी. टेप त्यांना चालत नाही, मापं वितीनं घेतात. नवीन भाग बसवला की त्यावर पान्यानं टकटक करून कान लावतात आणि म्हणतात, "बोलतंय बघा."

सीट तर इतकी बसकी केलीय, की चालवताना त्यांचेच गुडघे हँडलला लागतात. अख्खी गल्ली हसते. मीही हसायचो.

राग यायचा तो आवाजाचा. सकाळी रानात जाताना त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मागं बसेपर्यंत हे जागेवरच गाडी रेज करत राहायचे. एकदा संध्याकाळी मी भिंतीवरून बोललोच, "आवं, उगं कशाला पिळताय? पेट्रोल काय फुकट मिळतंय व्हय?"

वहिनी आत आहेत ना, हे बघून ते जवळ आले. "गुडघं गेल्यात तिचं. चढताना लय कण्हती. गल्लीला ऐकू गेल्यालं तिला आवडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भिडेनं त्यांनी गाडी रेज केली नाही. वहिनींनी पायरीवर पाय ठेवला, तशी मी अंगणातली माझी स्कूटर चालू केली आणि त्या नीट बसेपर्यंत जागेवरच पिळत राहिलो.