डोळे दारातच उघडायचे

धुरपताच्या हातावरची हळद अजून उतरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ती मागच्या खोलीत तूर पाखडत बसली होती आणि पुढं पडवीत तिचे सासरे नत्थूजी आणि थोरले दीर ताराचंद यांची जुंपली होती. नव्या सुनेनं ऐकू नये म्हणून दोघंही हळू बोलायला बसले होते म्हणे. पण सुतारांना कुठलं हळू बोलता येतं? दिवसभर करवतीच्या वर बोलायची सवय.

घर वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजी गावातलं, लाकडी नंदी कोरणाऱ्यांचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि लेकरं चाकाचा नंदी ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मागत फिरतात, तो नंदी. ताराचंदनं वर्ध्याहून एक पाटी रंगवून आणली होती, ‘येथे लाकडी नंदी मिळतील’ अशी. ती त्याला दारावर ठोकायची होती.

“बाबा, पाटी नसली तं लोकाईले समजीन कसं?”

“ज्याले पायजे तो विचारत येते.”

“विचारणारे एकेक मरून राह्यले. नवे लोकं वाचतेत, विचारत नाई.”

“अन वाचून आलेला काय म्हणीन? नंदी द्या म्हणीन. त्याचं घर थो सांगणार नाई. मंग डोळे कुठं उघडशीन नंदीचे? तुह्या पाटीसमोर?”

मग बोलणं थांबलं आणि रंध्याचा आवाज सुरू झाला. धुरपतानं दाराच्या फटीतून पाहिलं. सासऱ्यानं पाटी आडवी घातली होती आणि तिच्यावर रंधा फिरवत होता. तांबडी अक्षरं सालपटांसारखी गोल वळून खाली पडत होती. त्याच आठवड्यात ताराचंद बुटीबोरीला कारखान्यात ठेकेदारीवर निघून गेला, तो परतला बापाच्या मातीलाच. अक्षरांची ती सालपटं धुरपतानं चुलीत घातली. भाकरीला रंगाचा वास आला. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

डोळ्यांचं ते असं होतं. त्या घरात नंदी सगळा घडायचा, शिंगं, वशिंड, गळ्यातली घुंगरमाळ, पाठीवरची झूल, पण डोळ्यांची जागा कोरी ठेवायची. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी घडवणाऱ्यानं स्वतः त्या घरी जायचं, लेकराला नंदीसमोर बसवायचं आणि तिथं, त्यांच्या दारात, कुंचल्यानं डोळे उघडायचे. उघडले की बाजूला व्हायचं आणि मागं वळून न पाहता निघायचं. कारण नंदी पहिल्यांदा ज्याला पाहतो त्याला आपल्यामागं ओढतो, असं ते मानत. लेकराला वाटतं आपण दोरी धरली. समोर लेकरू असलं तर नंदी त्याला मोठं होण्याकडं ओढतो. आधीच मोठं झालेलं माणूस असलं तर त्याला पुढं कुठं ओढायचं, हे कोणी तोंडानं सांगत नसे.

धुरपताचा नवरा श्रावण हे सगळं बापाकडून जसंच्या तसं शिकला. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की मीठ लावून. लग्नात व्याह्यांनी विचारलं, पोरगा काय करतो, तर हा स्वतःच म्हणाला, “आंधळे बैल पोसतो.” चहा बशीतच प्यायचा. शर्टाच्या डाव्या खिशात खारीच्या केसांचा कुंचला, कागदात गुंडाळून. बस जिथवर जाते तिथवरच जग, असा त्याचा हिशेब, आणि त्या जगात तो सुखी होता.

पण विचारणारे खरंच मरत गेले. बाजारात प्लास्टिकचे नंदी आले, गाणं म्हणणारे आले. एका वर्षी तान्हा पोळा झाला आणि श्रावणचे बरेच नंदी कोऱ्या डोळ्यांनी घरातच उभे राहिले. तो त्यांच्यावर चादर टाकत म्हणाला, “पुढच्या साली लाकूड आणत नाई मी.” जेवणात मीठ कमी आहे सांगावं, तशा आवाजात. या माणसाच्या हातातलं किकरं, ते कोरायचं हत्यार, गेलं तर माणूस उरत नाही, हे धुरपताला ठाऊक होतं.

त्यांची मुलगी मयुरी वर्ध्याला वेबसाईटी बनवायची, फोटोवाल्यांच्या, मेहंदीवाल्यांच्या, मांडव सजवणाऱ्यांच्या. तिनं बापाची बनवली. काय देखणी! सगळा पडदा काळा आणि त्या अंधारातून नंदी हळूहळू पुढं येतो, आधी शिंगं, मग कपाळ. अक्षरंसुद्धा टाइप केलेली नाहीत. श्रावणनं सागाच्या फळीवर कोरली आणि तिनं त्यांचे फोटो लावले. धुरपतानं पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. कौतुकानंच आला, असं तिनं मनाला सांगितलं.

वर्ष गेलं, कोणी आलं नाही.

“कुठून येईन?” मयुरी म्हणाली. “गुगल आंधळा असते, आई. लोकं ‘तान्हा पोळा लाकडी नंदी’ असं लिहितेत, अन थो बोटानं चाचपत जाते, कोणत्या पानावर हे अक्षरं हायेत म्हणून. आपल्या पानावर एक बी अक्षर नाई, सगळे चित्रंच. त्याच्या हाताले काईच लागत नाई.”

“मंग माह्यी कोरली अक्षरं?” श्रावण म्हणाला.

“राहू द्या ना बाबा वर. खाली साधी टाकतो. अन फोटो डोळे उघडलेल्या नंदीचा पायजे. लोकाईले वाटते अर्धवट हाये, पाहून निघून जातेत.”

श्रावणनं खिशातून कुंचला काढला आणि घरातल्या घरात, समोर लेकरू नसताना, एका नंदीचे डोळे उघडले. मयुरी मोबाईल धरून उभी होती.

“घे,” तो म्हणाला, “यानं पयले मोबाईल पाह्यला. आता नेते थो मोबाईलले कुठं तं.”

सगळे हसले. धुरपताही हसली, पण तिनं पाहिलं होतं की मोबाईल वर होता आणि नंदीच्या नाकासमोर, कुंचला धरून, श्रावणच बसला होता.

अक्षरं टाकली तसे फोन सुरू झाले. पुण्याहून, बंगळूरहून, कुठल्या कुठल्या दुरून. नंदी द्या, खोक्यात घालून पाठवा. घर कोणी सांगत नव्हतं, पत्ता सांगत होते. श्रावणनं नवं लाकूड आणलं. बस जाते त्यापलीकडं तो जाणार कसा? म्हणून डोळे इथंच उघडायचे. मयुरी म्हणाली मी काढते, नाहीतर माझ्या मैत्रिणीला, वर्षालीला सांगते, ती चित्रकार आहे. तो ऐकेना. “मी घडवला, मीच उघडीन. दुसऱ्याच्या लेकीले काऊन समोर बसवतेस?”

एवढं एकच वाक्य. धुरपताला ते नीट कळलं. मयुरीला नाही कळलं.

एकेक नंदी डोळे उघडून पडवीत उभा राहू लागला, कुरिअरवाल्याची वाट पाहत. आणि श्रावणचा दम लागायला लागला. आधी पाणी भरताना, मग किकरं मारताना. हातातून पटाशी पडायची. वर्ध्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय थकलं आहे, आराम करा, गोळ्या घ्या. वय झालं, भुशात आयुष्य गेलं, कारणं काय कमी होती? धुरपता सगळी कारणं मान्य करायची आणि तरी झाडताना सगळ्या नंदींची तोंडं भिंतीकडं करून ठेवायची. परत येऊन पाहावं तर तोंडं पुन्हा श्रावणच्या खाटेकडं.

“कोणं फिरवले हे?”

“मीच,” श्रावण खाटेवरून म्हणाला. “पाहुण्याले भिंतीकडं तोंड करून बसवते का वो कोणी?”

त्या दिवशी तिनं मयुरीला बसवून घेतलं आणि रंध्याखाली गेलेल्या पाटीचं सगळं सांगितलं. मयुरी आधी चिडली. “आई, तू शिकलेल्या पोरीले हे काय सांगून राह्यली!” मग पडवीत गेली आणि ओळीनं उभ्या नंदींसमोर थोडी थांबली. परत आली तेव्हा आवाज उतरला होता. “वेबसाईट बंद करू?”

“बंद केली तं तुहा बाप चादरच टाकन त्याईच्यावर,” धुरपता म्हणाली. “थे बी नाई पाहवत. तुह्या आंधळ्याले गावं वाचता येते ना? मंग त्याले गावं सांग. आंजी सांग, वर्धा सांग, सेलू सांग, देवळी सांग. बस जाते तेवढेच. अन लिही, डोळे तुमच्या दारात उघडू, जिथं आमचा माणूस येऊ शकत नाई तिथं नंदी येणार नाई.”

मयुरीनं तसं केलं. वर काळोख तसाच ठेवला, त्यातून येणारा नंदी तसाच, फक्त त्याचे डोळे पुन्हा कोरे. खाली साध्या अक्षरात गावं. दुरून येणारे फोन थांबले. आणि सेलूच्या प्रभाकररावांनी नातीसाठी मोबाईलवर लिहिलं, ‘तान्हा पोळा नंदी सेलू’, तर पहिलं नाव श्रावणचं आलं.

“वर्ध्याले बस बदलून जो माणूस भेटते,” श्रावण म्हणाला, “त्याले हुडकाले आभाळातून फिरून आले.” खूश होता तो. पण बोलताना दोनदा थांबला.

जे नंदी त्याला पाहून आधीच गेले ते गेलेच होते. त्यांना परत कोण बोलावणार?

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी धुरपता म्हणाली, मीही येते. लग्नापासून ती कधी गेली नव्हती. तो नको म्हणाला नाही, तेव्हाच तिला समजलं. वर्ध्याला बस बदलली. नंदी तिच्या मांडीवर होता, दुपट्ट्यात गुंडाळलेला, आणि ती सारखी चाचपून पाहत होती, डोळ्यांची जागा गुळगुळीतच आहे ना. श्रावण खिडकीला टेकून सोयाबीनची वावरं पाहत होता. ओठ निळसर दिसत होते. यानंतर तो कोणाच्या दारात जाणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग ते कशाला बोलून दाखवायचं?

प्रभाकररावांच्या अंगणात रांगोळी होती. अंकिता नावाची नात नवा परकर घालून तयार होती आणि तिला दम धरवत नव्हता.

“याले दिसत नाई का?” तिनं विचारलं.

“आता दिसन,” श्रावण म्हणाला. “समोर बस. तू हालली तं थो रांगोळी पाहीन, अन सालभर तुले अंगणच झाडाले लावीन.”

पोरगी खिदळली आणि मग श्वास धरून बसली. श्रावण नंदीच्या बाजूला बसला, समोर नाही, बापानं शिकवलं तसा. धुरपतानं काजळाची वाटी धरली. आधी उजवा डोळा, मग डावा. नंदीनं अंकिताकडं पाहिलं.

श्रावण मागं सरकला, भिंत धरून उठला, कुंचला धोतराच्या सोग्याला पुसून कागदात गुंडाळला आणि डाव्या खिशात ठेवला. तुळशीपाशी बसून चहा बशीत ओतून प्यायला. “नाव काय ठेवशीन वो याचं?” त्यानं पोरीकडं न पाहताच विचारलं. “ढवळ्या!” ती ओरडली आणि दोरी धरून पळालीही. तो सगळ्यांनाच विचारायचा आणि बहुतेक वेळा हेच नाव निघायचं. “चांगलं नाव,” तो नेहमीसारखं म्हणाला.

चाकं खडखडत गल्लीत गेली. धुरपतानं मागं वळून पाहिलं. तिला कोणी मनाई केली नव्हती. श्रावणनं मात्र चपला घातल्या, प्रभाकररावांना “येतो जी” म्हटलं आणि मागं न पाहता, हळूहळू, बसथांब्याकडं चालू लागला.