ज्ञानूच्या वीस डायऱ्या

ज्ञानू सपकाळांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याचं वजन सांगतील आणि मग ती वस्तू कुणाची ते विचारतील. घणसोलीतल्या माथाडी वसाहतीत त्यांच्या मजल्यावर कुणाला बाळ झालं की ते दवाखान्यातून येताना आधी ज्ञानूंच्या हातावर ठेवलं जातं. ज्ञानू डोळे मिटतात, गाठोडं अलगद वरखाली करतात. लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि ती आपल्यालाच ऐकू येतेय, असा चेहरा होतो त्यांचा. मग म्हणतात, "तीन किलो. त्यातलं दोनशे ग्राम दुपट्याचं." दवाखान्याच्या कागदावर दोन किलो आठशे असतं. बाळाची आई हसते, आजी मात्र दृष्ट काढते.

कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी अठ्ठावीस वर्षं गोण्या वाहिल्या. ट्रकमधून गोणी पाठीवर घ्यायची आणि गाळ्यावरच्या काट्याशी नेऊन टेकवायची, सगळी मिळून वीस-पंचवीस पावलं. एवढ्या चालीत ज्ञानूंना तंद्री लागायची. आजूबाजूला शिव्या, हॉर्न, लिलावाची ओरड, आणि हा माणूस आपला ओझ्याशी बोलत चाललेला. काट्याशी त्यांचा गाववाला पंढरी, मालाचं वजन करणारा तोलणार. ज्ञानू म्हणायचे "बावन्न". पंढरी काटा बघून म्हणायचा "बावन्न". दोघं जावळीकडचे, एका वर्षी मुंबईला आलेले, एका खोलीत राहिलेले.

दर सोमवारी बाजार उघडला की पहिल्या दहा गोण्यांचं ज्ञानू डायरीत लिहून ठेवायचे. डावीकडे आपला अंदाज, उजवीकडे काटा. कशासाठी? कशासाठीच नाही. कुणी पक्षी बघतं, कुणी ढग बघतं, ज्ञानू आपला अंदाज बघायचे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव ते दोन हजार सतरा, अशा वीस डायऱ्या झाल्या.

आणि अठराच्या जानेवारीत सगळं बिनसलं. गाळ्यावर दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक काटा आला होता आणि ज्ञानूंचा अंदाज त्याच्याशी जुळेनासा झाला होता. ज्ञानू म्हणायचे पंचावन्न, काटा म्हणायचा एक्कावन्न. एका सकाळी ज्ञानूंनी गोणी टाकली आणि चारचौघांत म्हणाले, "पंढऱ्या, काटा मारतूस तू." तोलणाराला याहून वाईट शिवी नाही. पंढरीनं पुढची गोणी काट्यावर घेतली. ज्ञानूंनी त्याच आठवड्यात काम सोडलं. पुढं पंढरी मुलाकडं उलव्याला राहायला गेला आणि दोघांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच.

ज्ञानूंची मुलगी प्रियदर्शिनी बेलापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. गेल्या वर्षी दिवाळीत माळा आवरताना तिला त्या डायऱ्या सापडल्या. पानापानात कांद्याची सुकलेली पापुद्री होती, गुलाबी, आरपार दिसणारी. तिनं डायऱ्या छातीशी धरल्या आणि तिच्या डोक्यात आलं की आपण यांचं पॅकेज करायचं.

पॅकेज म्हणजे कॉम्प्युटरवरचं गाठोडंच. आत आकडे असतात, ते आकडे बघण्याची सूत्रं असतात, आणि गाठोडं असं बांधायचं की जगात कुणीही, कुठंही सोडलं तरी आतला माल नीट निघावा. तिनं हे आजवर कधी केलं नव्हतं.

ज्ञानूंना तिनं सांगितलं तेव्हा ते कॉटवर पडून पंख्याकडं बघत होते. म्हणाले, "दर्शू, त्या मशीनला एकच इचार. शेवटी शेवटी काटा खोटा हुता का माजा खांदा? दुसरं मला काय बी नगं."

हे त्यांनी अगदी सहज विचारलं. या एका प्रश्नावर माणूस सहा वर्षं कूस बदलत होता.

त्यानंतर सहा महिने ती रोज पहाटे आकडे भरत बसली. दहा हजार गोण्या. भरताना तिचेही डोळे मिटायचे आणि अर्धवट झोपेत गोण्या हलक्या होऊन खाडीवरून पलीकडं निघालेल्या दिसायच्या, मागून पापुद्र्यांचा गुलाबी पाऊस. जाग आली की स्क्रीनवर सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस असं ओळभर उमटलेलं असायचं.

आकडे झाले, सूत्रं झाली, आणि गाठोडं बांधायला घेतलं तर लाल अक्षरं. पहिली चूक अशी, की तिनं लिहिलेलं सूत्र तिच्याच पॅकेजला सापडेना. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की सूत्र आत आहे, पण ते बाहेरच्यांना वापरायला खुलं केल्याची नोंदच नाही. माल गाळ्यात भरलेला आणि शटर बंद, असला प्रकार. ते निस्तरलं. मग तिच्या लॅपटॉपवर सुरळीत चाललेलं पॅकेज कॉलेजातल्या मनस्वीच्या लॅपटॉपवर आडवं झालं, कारण पॅकेज अजून डायऱ्यांची फाईल प्रियदर्शिनीच्याच डेस्कटॉपवर शोधत होतं. मनस्वी म्हणाली, "तुझ्या घरी चालतं याला काय अर्थ आहे? माझ्या घरी चाललं पाहिजे." मनस्वी जराशी फटकळ आहे, पण खरं बोलते.

मग एक पिवळी सूचना उरली. काही ठिकाणी अंक नाहीत, ते रिकामे धरले, असं यंत्र म्हणत होतं. प्रियदर्शिनीनं बघितलं आणि तिला हसू आलं. प्रत्येक सोमवारच्या पहिल्या ओळीत, अंदाजाच्या जागी, तिच्या तात्यांनी, म्हणजे ज्ञानूंनी, 'लाभ' लिहिलं होतं. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? पण ती बाजाराची लेक. माप घालताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. लाभ, दोन, तीन असं मोजतात. तिची आई वेणूबाई अजून तांदूळ असेच मोजते. तिनं एक ओळ लिहिली, लाभ म्हणजे एक, आणि सूचना नाहीशी झाली. परक्या माणसानं निदान विचारलं असतं, हा शब्द काय आहे म्हणून. हिला विचारायची गरजच वाटली नाही.

सगळं हिरवं झालं. तिनं पहिला प्रश्न टाकला. अंदाज सरासरी किती चुकायचा?

साडेपाच किलो.

तिनं परत विचारलं. साडेपाच किलो. शेवटची वर्षंच नव्हेत, अठ्ठ्याण्णव सालापासून, दरसाल पाचाच्या वर. म्हणजे काट्याचा प्रश्नच मिटला. तात्यांना कधी काही कळतच नव्हतं. ती तंद्री, तो लांबून हाक ऐकल्यासारखा चेहरा, सगळा नुसता गाववाल्यांनी ठेवलेला मान.

चार दिवस ती त्यांच्या नजरेला नजर देईना. ज्ञानू विचारायचे नाहीत, पण तिनं लॅपटॉप मिटला की चहाचा कप हातात तसाच धरून बसायचे. लाल अक्षरातली चूक परवडली, ती निदान ओरडते. बिनआवाजाची चूक घरात पाहुणी होऊन राहते आणि आपण तिला जेवू घालतो.

पाचव्या दिवशी मनस्वीलाच तिनं सांगितलं. मनस्वी म्हणाली, "दहा हजार कशाला बघतेस? एक दिवस घे. दहा गोण्या. हातानं कर."

घरी येऊन तिनं डोळे मिटून एक डायरी उघडली. दोन हजार तीन, श्रावणातला कुठलासा सोमवार. एकोणपन्नास, एकोणपन्नास. बावन्न, बावन्न. पन्नास, एक्कावन्न. नऊच्या नऊ गोण्या काट्याला चिकटलेल्या. आणि पहिली? लाभ, आणि समोर काटा, पन्नास. यंत्रानं वाचलं की ज्ञानू सपकाळ पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन म्हणतात, एक किलो. दर सोमवारी, वीस वर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"तात्या," तिनं हाक मारली, "पहिल्या गोणीचा अंदाज का नाही लिहिला कधी?"

"पयल्या गोनीचा अंदाज करत न्हाईत, लेकी," ज्ञानू म्हणाले. "ती लाभाची. तिला तोलायचं न्हाई मनात. देवाचं नाव घ्यायचं, गप न्हेऊन ठेवायची. पंढरी नुसता काटा सांगायचा, म्या लिवायचा."

तिनं ती ओळ खोडली आणि लाभाची जागा रिकामी सोडली. पॅकेज पुन्हा बांधलं आणि मनस्वीच्या लॅपटॉपवर पाठवलं. तिथंही चाललं. मग शनिवारी सकाळी, खिडकीतून कोवळं ऊन लादीवर आलेलं असताना, तिनं अंदाज आणि काटा यांतल्या फरकाची वीस वर्षांची रेघ काढली. सोळा वर्षं रेघ शून्यावर झोपलेली, सुखानं, जरासुद्धा कूस न बदलता. अर्धा किलो इकडे, अर्धा तिकडे. प्रियदर्शिनीला रडू आलं, इतकी ती रेघ देखणी होती.

आणि मग ती रेघ उठत होती.

तिला त्याच क्षणी उत्तर कळलं. खरं सांगायचं तर शेवटची चार वर्षं गाळणं एका ओळीचं काम होतं. तिची बोटं त्या ओळीपर्यंत गेलीसुद्धा. पण आंघोळ करून ज्ञानू येऊन शेजारी बसले होते, ओल्या केसांनी, शाळेतल्या पोरासारखे सरळ.

"सांग."

"तात्या, तुमचा हात सोळा वर्षं काट्यासारखा होता. काट्यापेक्षा बरा."

"आन् म्होरं?"

तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. "नवा काटा इथं आला, दोन हजार सोळा. काटा खोटा असता तर रेघ इथं एकदम वर उडी मारती. पायरी दिसली असती."

ज्ञानूंनी बोट ठेवलं. जाड, भेगाळलेलं बोट रेघेवरून मागं मागं सरकत गेलं. "पायरी न्हाई," ते म्हणाले. "चढ हाय."

"हो."

"आन् सुरू हितनं. जुनाच काटा हुता तवा. कंचं साल ह्ये?"

"चौदा."

त्यांचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. दर वर्षी गोणी थोडी जड वाटत गेली होती, पाऊण किलो, दोन किलो, चार किलो. चौदा साली प्रियदर्शिनीनं एम.एस्सी.ला नाव घातलं होतं. मुकादमानं त्याच वर्षी तात्यांना बसून करायचं काम देऊ केलं होतं, आणि तात्या म्हणाले होते, छ्या, मला काय धाड भरलीय. पगार निम्मा झाला असता, हे तिला आता, या रेघेपाशी बसून कळत होतं.

"तात्या, दुखत होतं तर बोलला का नाहीत?"

"मलाच कुटं ठावं हुतं," ज्ञानू म्हणाले. "मला वाटायचं, गोनीच जड हाय." खांद्यावरचा हात काढून म्हणाले, "त्याला म्या चोर म्हनलो गं. चारचौघांत."

वेणूबाई आतून चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून दारातच थांबली.

ज्ञानूंनी फोन मागितला. नंबर कुठं लिहिलेला नव्हता. तो त्यांना पाठ होता. प्रियदर्शिनीनं लावून दिला आणि आवाज मोठा केला. पलीकडं बराच वेळ घंटी वाजली, मग खाकरल्याचा आवाज आला.

"पंढरी," ज्ञानू म्हणाले. "पंढरी, काटा खरा हुता."

उलव्याच्या त्या घरात कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग पंढरीचा आवाज आला, हळू, सोमवारी सकाळी काटा वाचताना लागायचा तसा.

"ज्ञानू, आता खांदा कसा हाय?"