स्वेटरवरचा तांबेरा

सांगलीला घरी आलो की मेहुण्याच्या गव्हात शिरायची मला खोड होती. त्या खेपेला पानावरचा तांबेरा बोटानं चोळून पाहिला, हात स्वेटरलाच पुसले आणि तोच स्वेटर घालून साताऱ्याच्या डोंगरावरच्या आमच्या काचघरात कामाला लागलो.

तांबेरा ही बुरशी बाटलीत वाढत नाही, तिला जिवंत रोपच लागतं. तिच्या एकाच जातीचा डीएनए काढायचा म्हणून पावसाळ्यापासून मी ती एकट्यानं जपत होतो. बोलायला गव्हाची रोपं तेवढी, तीही आजारी. पुढं डीएनएच्या तपासणीच्या फिल्मवर भलत्याच जातीच्या पट्ट्या दिसल्या, तेव्हा उलगडा झाला. मेहुण्याचा तांबेरा माझ्याबरोबर एसटीनं आला होता, बिनतिकीट.

सगळं पहिल्यापासून करणं आलं. बूथवरून बायकोला फोन लावला.

"गुढीपाडव्याला येणं होत नाही. माझ्या स्वेटरवरून तिकडचा तांबेरा आत आला, आता रोपं सोडता येणार नाहीत."

मीटरचे आकडे पळत होते.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय. मुलांना घेऊन मीच येते. काचघरात शिरायच्या आधी कपडे कुठं बदलायचे, तेवढं सांगा."