पानं असतानाची मोजणी

मोजणीबाईंना हिरव्या रंगाचा राग होता. साडीच्या नव्हे, नकाशातल्या. आमच्या अंबडच्या ऑफिसात संगणकावर टॉवर मांडला, की सॉफ्टवेअर डोंगरदऱ्यांचं गणित करून सिग्नल कुठवर पोचेल ते रंगवून द्यायचं. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे बरा, लाल म्हणजे नाही. हिरवागार नकाशा बघून साहेब खूश व्हायचे आणि बाई विचारायच्या, "तिथं कोण जाऊन आलं?" बहुतेक वेळा कोणीच गेलेलं नसायचं. नकाशे रंगवणारा मीच, त्यामुळे मी खाली मान घालायचो. ऑफिसात अजूनही त्यांचं नाव निघालं की 'आडमुठी बाई' म्हणतात. होत्याच त्या आडमुठ्या. म्हणून तर लिहितो आहे. ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबो.

बाई सटाण्याकडच्या. अंगानं काटकुळ्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला मोजणीच्या फोनची पिशवी. बाकीचे लोक जीपच्या टपावर अँटेना लावून डांबरी रस्त्यानं मोजणी उरकत. बाई घरात शिरायच्या, चुलीपाशी बसायच्या आणि फोन कानाशी धरून सिग्नलचा आकडा लिहून घ्यायच्या; तो नेहमी उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. माणूस काय जीपच्या टपावर बसून बोलतो का, असं त्यांचं म्हणणं. एका घरातल्या आजींना त्या सरकारी पाहणीच्या बाई वाटल्या. आजींनी रेशनकार्डाची सगळी रडकथा सांगितली. बाईंनी तीही अहवालाच्या शेवटी जोडली आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

आमच्या सॉफ्टवेअरच्या गणिताचं सूत्र कुठल्याशा लांबच्या शहरात, इमारतींच्या गर्दीत मोजून बसवलेलं होतं. बाई म्हणायच्या, परक्या गावची चप्पल आहे, पायात घालून बघितल्याशिवाय चालू नये. म्हणून नव्या मुलखात आधी थोडी मोजणी करायची आणि त्या आकड्यांनी सूत्राला मुरड घालायची, असा रिवाज त्यांनीच पाडला.

पेठकडच्या पाड्यांना वायरलेस इंटरनेट आणि फोन पोचवायचं काम आलं तेव्हा ही मोजणी मी केली. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना. संगणकाचे आकडे आणि माझे आकडे असे जुळले, की मी अख्ख्या ऑफिसला मिसळ खिलवली. आधीच उभ्या असलेल्या एका टॉवरवर सगळे पाडे हिरवे. योजनेतल्या दुसऱ्या टॉवरची गरजच नाही. बाईंनी मिसळ खाता खाता माझे फोटो चाळले आणि विचारलं, "ही झाडं कसली रे?"

सागाची, मी म्हटलं.

"मग पानं कुठं आहेत?"

मेमध्ये सागाच्या नुसत्या काठ्या असतात. लहरी त्यांच्यामधून आरामात निघून जातात. पावसाळ्यात त्याच काठ्यांना ताटाएवढी ओली पानं लागली की लहरी त्यात जिरतात. सगळा डोंगर सागाचा आणि मी मोजला होता उघडा असताना. बाईंनी हट्ट धरला, की श्रावणात पुन्हा मोजू, तोवर दुसरा टॉवर रद्द करू नका. साहेबांना मात्र एका टॉवरवर सगळे पाडे येतात असा दाखला सरकारी खात्याला पावसाआधी द्यायचा होता.

दाखल्याचा कागद बाईंपुढे सहीला आला तेव्हा मी तिथंच उभा होतो. बाईंनी तो वाचला आणि परत सरकवला. राग आला की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "हाई खोटं शे," त्या म्हणाल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पावसाळ्यात तिथल्या आशाताईला रुग्णवाहिका बोलवायला टेकडी चढावी लागते. माझ्या सहीनं तिचा फोन घरात लागणार असेल, तर आत्ता करते."

साहेबांनी कागद माझ्याकडे वळवला. मी सही केली. कारणं द्यायला दहा आहेत, त्यातलं एकही धड नाही. बाईंची बदली गोदामात झाली, केबलची रिळं सांभाळायला.

श्रावणात त्यांनी रजा टाकली आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "चल. सही तुझी आहे, तूच बघ." एसटीनं पेठ गाठलं, पुढे चिखल तुडवत चाललो. त्याच जागा, तोच फोन. उतारावर सागाच्या रानात शिरलो आणि आकडा घसरत गेला. आशाताईच्या घरात तर फोन मुकाच. ती आमच्याकडे बघून हसली. "उन्हाळ्यात लागतो. आता पाला आला ना, आता नाय लागायचा," ती म्हणाली. एवढं तिनं मेमध्येही सांगितलं असतं; मी विचारलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

परत आल्यावर मी खात्याला पत्र लिहिलं, की माझी सही मागे घेतली असं समजावं. सोबत दोन्ही मोजण्या जोडल्या, पानांआधीची आणि पानं असतानाची. साहेबांनी बाईंकडे विनापरवानगी मोजणी केल्याबद्दल माफीनामा मागितला. बाईंनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या, आणि पिशवी रिकामी करून मोजणीचा फोन माझ्या हातात ठेवला.

खात्यानं दाखला परत पाठवला. पुढच्या पावसाळ्याआधी डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर दुसरा टॉवर उभा राहिला. भाद्रपदात एका दुपारी आशाताईचा फोन आला. मागे पाऊस कोसळत होता आणि ती घरातून बोलत होती. मी लगेच सटाण्याला बाईंना फोन लावला. त्या आता तिथं पोरांना शिकवतात. आनंदानं सगळं सांगितलं.

"उणे किती?" बाईंनी विचारलं.

मी मोजलं नव्हतं.

"मग एका फोनवर काय नाचतोस? बाकीच्या घरांत कोण जाऊन आलं?"

मी फोन ठेवला आणि रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी कारण विचारलं. पानं झडायच्या आत पेठला जाऊन येतो, म्हटलं, आणि मंजुरीची वाट न बघता निघालो.