दाजींच्या गाडीचा दुसरा सिलेंडर

आमच्या थोरल्या दाजींएवढा हळू माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात हुडकून सापडायचा न्हाई, आन अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जोरात पळणारी गाडी त्येंच्याच दारात उभी हाय. दाजी म्हंजी माझ्या नणंदेचं मालक. त्येंचं घर आमच्या घराला लागून, ताम्हिणीच्या अलीकडं, मधी नुसता कुडाचा आडोसा. गाडी लाल हाय, दोनच दारांची, जुनी, पाण्यात बसलेल्या म्हशीगत पोट टेकवून उभी असती. लवासात एका सायबाचा बंगला दाजी सांभाळायचे. त्यो सायब तरुणपणी शर्यतीत गाड्या पळवायचा म्हणं. पुढं तिकडची कामं रखडली, माणसं पांगली, सायब बी पोराकडं परदेशी गेला, आन जाताना ताडपत्रीखालची ही गाडी दाजींच्या नावावर करून गेला. तवापासनं त्या गाडीला मेंढरं मागं टाकत्यात.

मी नवी लग्न होऊन आले तवा मला वाटलं गाडीतच खोट हाय. एकदा धीर करून इचारलं, "दाजी, पळवत का न्हाई हो हिला?" तर म्हणले, "अगं, बैल ताकदीचा हाय म्हणून रोज शर्यतीला जुपायचा व्हय? ताकद अंगात असू दे की गप." आन गतिरोधक आला की सगळ्यांनी खाली उतरायचं, न्हाईतर गाडीचं पोट घासतं. आता पौडाच्या रस्त्याला गतिरोधक किती हायेत ते तुमी जाऊन बघा. वन्सं म्हणत्यात, लोकांना वाटतं मी भावकीतल्या लग्नाला गाडीत बसून गेले, खरं म्हंजी मी शालू धरून चालत गेले आन गाडी माझ्या संगती आली.

गाडी चालू करायची म्हंजी घरात सुतक पडल्यागत शांतता पायजे. वन्संनी मिक्सर बंद करायचा, मी पोरीला पदराखाली घेऊन गप करायची, आन दाजी मान वाकडी करून इंजानाचं ठोकं ऐकणार. चार सिलेंडर असत्यात म्हणं, चौघा भावांनी एका घरात नांदावं तसं चौघांनी पाळीपाळीनं बोलायचं. एक जरी मुका ऱ्हायला तर गाडी मिसिंग करती, म्हंजी मधीच ठोका चुकती आन धक्कं मारती. तशी ती कवातरी करायचीच. मंग दाजी पैलं पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालणार, पेट्रोलात कचरा हाय म्हणून. जगात काय बी बिघडलं की त्येंच्या तोंडात पैलं तेच येतं. वन्संचा फ्रिज बंद पडला तवा बी त्येंनी पेट्रोलाचं नाव घेतलं व्हतं.

खंडेनवमीला समदी लोकं गाडी धुत्यात, चाकाला हार घालत्यात, चाकापुढं नारळ फोडत्यात. दाजींना ते पटत न्हाई. म्हणत्यात, "चाकात काय हाय? जीव हितं हाय." आन बॉनेट उघडून इंजानालाच हळदकुंकू, इंजानालाच हार, आन नारळ बी तितंच. वन्सं दरसाल म्हणत्यात, "अवं, देवाला तरी नैवेद्य तोंडापुढं दावत्यात, तुमी पार पोटात घालताय." दाजी ऐकत न्हाईत.

तर दसरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोरीला दम लागला. तवा ती नुसती रांगत व्हती. रातभर सर्दी, आन सकाळी बघते तर छाती आत ओढती, बरगड्या दिसत्यात, व्हटाचा रंग गेलेला. रडंना सुदिक. आमचं हे पिरंगुटला कंपनीत, फोन आत न्यायला बंदी, बस येऊन गेलेली, ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसरीकडं गेलेली. मी भित्री, शाळा आठवीत सुटलेली, मला काय सुचंना, मी तशीच अनवाणी कुडाला वळसा घालून गेले आन म्हणले, दाजी गाडी काढा, पौडाला दवाखान्यात न्यायची हिला. त्येंनी पोरीकडं बघितलं आन त्या दिवशी पैल्यांदाच कुणाला बी गप बसा म्हणले न्हाईत.

गाडी चालू झाली ती मिसिंग करतच. दाजी म्हणले, "थंड हाय, गरम झाली की बोलंल." पर ती बोलंना. सपाटीला कशीबशी गेली, चढ लागला तशी धक्कं मारायला लागली, आन अर्ध्या चढावर गपकन बंद पडली. एका अंगाला धरणाचं पाणी, एका अंगाला डोंगर, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. दाजी उतरले, बॉनेट उघडलं आन म्हणले, "पेट्रोलात कचरा हाय."

मंग त्येंनी पेट्रोलाची नळी काढली, फुकली, परत बसवली. गाडी चालू केली, ती तशीच थडथडली. मंग म्हणले कॉइल गेली, ठिणगीला करंट देती ती. तिची वायर काढून परत लावली, तरी तेच. मी पोरीला छातीशी धरून रस्त्यावर येरझाऱ्या घालते, तिचा श्वास मोजते, मोजताना चुकते, परत पैल्यापासनं मोजते.

तेवढ्यात मेंढरं आली, आन मागं एक म्हातारी धनगरीण. पोरीकडं बघितलं आन मला म्हणली, "आडवी धरू नगंस तिला, उभी धर. खांद्यावर घे. तोंडावरचं फडकं काढ." मी धरली उभी. पोरीला वाईच बरं वाटल्यागत झालं. मंग म्हातारी दाजींकडं वळली. "काय रं पावण्या, गेल्या आठवड्यात माझ्या मेंढरांनी तुला मागं टाकला, आज परत हितंच?"

"पेट्रोलात कचरा हाय, आज्जे."

"कचरा तुझ्या डोक्यात हाय. घाबरलायस तू. घाबरल्या माणसाला दिसत न्हाई. आदी पाणी पी."

मला त्या म्हातारीचा राग आला, का तर दाजी घाबरले असतील हे माझ्या डोक्यातच आलं न्हवतं. मी सगळा भार त्येंच्यावर टाकून मोकळी झालते. बघितलं तर खरंच, हातात धरलेलाच पाना ते बॉनेटखाली हुडकत व्हते. मी पोरीच्या पाण्याची बाटली पुढं केली. दाजी दोन घोट पिले, बाटलीकडं बघत ऱ्हायले, आन म्हणले, "तुमी बाया तव्यावर पाणी शिंपडून बघता का न्हाई, भाकरी टाकायच्या आदी?"

गाडी चालू ठेवून त्येंनी बोटं बाटलीत बुडवली आन इंजानातनं धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या असत्यात, त्येंच्यावर एकेक थेंब उडवला. पैलीवर चर्र. तिसरीवर चर्र. चौथीवर बी चर्र. दुसरीवर थेंब पडला आन तसाच बसून ऱ्हायला, निवलेल्या तव्यावर बसावा तसा. मला काय इंजान कळत न्हाई, पर तवा कळतो. मी म्हणले, "दाजी, ही पेटलीच न्हाई."

त्येंनी गाडी बंद केली. दुसऱ्या सिलेंडरची वायर उपटली. तिच्याखाली बोटभर खड्डा असतो, त्येच्या तळाला प्लग असतो, ठिणगी पाडायला. दाजींनी बोट घातलं, वलं निघालं. वास घेतला. मंग बोट जिभेला लावलं.

"काय हाय?" मी इचारलं.

"गोड हाय," दाजी म्हणले. मंग लई हळू म्हणले, "नारळाचं पाणी हाय गं. मीच फोडला परवा."

म्हातारी हसली न्हाई. आपल्या वाटंनं मेंढरं हाकत गेली, जाताना एवढंच म्हणली, "देव हाय त्यो, त्येला नारळ कुटं बी फोडला तरी पावंल. इंजान न्हाई पावायचं."

मी पोरीचं दुपटं दिलं. दाजींनी त्येची वात वळली, खड्ड्यात फिरवली, पिळली, परत फिरवली. नारळाचं पाणी चिकट असतं, तळाला साखरंगत धरलेलं. प्लग काढून पदरानं पुसला, माझ्या पदरानं. वायरीचं रबर मी तोंडानं फुकून वाळवलं, एका खांद्यावर पोरगी, एका हातात रबर. वायर बसवली. चालू केली. चौघं बी बोलले.

"दाजी, पळवा," मी म्हणले.

आन ती गाडी पळाली. तशी गाडी मी आयुष्यात बघितली न्हाई, झाडं मागं पडत न्हवती, पुसली जात व्हती. दाजी स्टेरिंग दोन्ही हातांनी आवळून, कानशिलावरनं घाम, तोंडानं काय तरी पुटपुटत. पैला गतिरोधक आला. मी उतरायला दार चाचपलं. दाजी म्हणले, "बस गप." पोटाखालनं खर्र आवाज आला, त्येंनी दात आवळलं, पर थांबले न्हाईत. पौडापतुर तसंच, खर्र, आन दाजींचं दात.

दवाखान्यात पोरीला वाफ दिली, नाकाला नळी लावली. दुपार कलली तवा ती रडली. तिच्या रडण्यानं मला एवढं बरं कवाच वाटलं न्हवतं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, वेळेत आणलीत.

मी तिला घेऊन बाहेर आले तर दाजी पायरीच्या खाली उभे. सकाळपासनं तितंच. मी म्हणले, आत का आला न्हाई? त्येंनी हात दावले, कोपरापतुर काळं. "दाराला लागलं असतं," म्हणले. मी पोरीला पुढं केलं. दाजींनी दोन्ही हात पाठीमागं बांधले, वाकले, आन आपलं कपाळ तिच्या कपाळाला लावलं. लई वेळ तसेच ऱ्हायले. मला वाटलं ठोकं ऐकत्यात.

आता दाजींचं गुडघं दुखत्यात, एवढ्या खालच्या गाडीत बसणं-उठणं होत न्हाई. पौडाला बसनंच जात्यात. गाडी आठवड्याला एकदा चालू करत्यात, ऐकत्यात, बंद करत्यात. पोरगी आता पळती. दाजी आले की अजून बी आदी हात पाठीमागं नेत्यात, धुतलेलं सोच्छ हात, आन मंगच वाकत्यात. पोरीला वाटतं माणसाला भेटायची हीच रीत हाय. पावणा येऊ दे, पोस्टमन येऊ दे, ती हात मागं बांधून कपाळ पुढं करून उभी ऱ्हाती, आन समोरच्याला कळत न्हाई आपुन काय करायचं. मी कुणाला सांगत न्हाई. तिला बी अजून दुसरं काय शिकवलं न्हाई.