मतदानाच्या दिवशी झरीवर

माझे यजमान मतदानाला जात नसत. त्यात आळस नव्हता. कोरगावात आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सगळ्यांच्या आधी उठणारे तेच.

गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी हा वाद पेटण्याआधी ते नेमाने मत देत. शेजारचा लहानपणापासूनचा सोबती आणि हे, दोघे मिळून जात आणि येताना तिठ्यावर चहा घेऊन येत. रोज संध्याकाळी आमच्या सोप्यावर दोघांची बैठक असे. सोबती कोकणीत बोले, हे मराठीत उत्तर देत, मग बोलता बोलता कधी उलटंही होई. आपण भाषा बदलली हे दोघांच्याही ध्यानात येत नसे. मी आत नारळ खवत ऐकत बसे.

वाद आला आणि सोबती कोकणीच्या बाजूने उभा राहिला. माझा थोरला भाऊ मराठीचा कार्यकर्ता झाला. सभा झाल्या, रस्ते अडवायला झाडं आडवी पाडली गेली, आणि सोबत्याचं आमच्याकडे येणं बंद झालं. संध्याकाळी हे एकटेच बसत. कुंपणापलीकडून सोबत्याचा खोकला ऐकू आला की मान वळवून पाहत.

डोंगराच्या उतारावर वाड्याची झर होती; प्यायचं पाणी सगळे तिथूनच आणत. पाऊस सरला की सगळी घरं मिळून तिच्यातला गाळ काढत. वादानंतर कोणी कुणाला बोलावीना. पाणी गढूळ झालं. आम्ही बायका ते फडक्यातून गाळून घरी नेत होतो.

अशात गोवा राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक आली. आदल्या दिवशी भाऊ घरी आला.

"भावोजी, उद्या सकाळीच चला. एकेक मत मोलाचं आहे."

"मी येणार नाही."

"म्हणजे त्यांना देणार?"

"कुणालाच नाही. मी आरती मराठीत म्हणतो आणि गुरांना हाका कोकणीत मारतो. तुम्ही दोन्ही बाजूंचे मला त्यातलं एक टाकायला सांगता. ते मला जमायचं नाही."

भाऊ माझ्याकडे वळला. "तू तरी?"

"मी जाणार," मी म्हणाले. माझ्या आईचं बहुतेक आयुष्य पोर्तुगीज राजवटीत गेलं होतं. मत द्यायचं असतं हे तिला उतारवयात कळलं, आणि त्या दिवशी ती नवं लुगडं नेसली होती. मला ते सोडवत नव्हतं.

हे हसले. "तुझं तू ठरव. मी शाळेपर्यंत येतो सोबत."

सकाळी हे माझ्याबरोबर निघाले ते खांद्यावर पिकास आणि हातात पाटी घेऊन. शाळेच्या फाटकाशी दोन्ही बाजूंची माणसं उभी होती. मागून कोणीतरी म्हणालं, "घाबरला." यांनी वळूनही पाहिलं नाही. मला आत सोडून ते सरळ झरीची वाट चढून गेले.

दुपारी मी पेज आणि लोणचं घेऊन वर गेले. हे गुडघाभर चिखलात उभे होते. मी गाळाच्या पाट्या उचलू लागले. थोड्या वेळाने सोबती आला. इस्त्रीचा सदरा, बोटावर शाई.

"मत दिलें?" त्याने विचारलं.

"ना."

"मागीर तुका उलोवपाचो हक्क ना." म्हणजे मग तुला बोलायचा हक्क नाही.

"उलयनां रे. माती काडटां," हे कोकणीतच म्हणाले; बोलत नाही, माती काढतोय.

सोबती थोडा दगडावर टेकला आणि निघून गेला. हे पुन्हा वाकले, पण मघाचा जोर हातात नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर पोचलो तर सोबती जुनी चड्डी घालून आधीच चिखलात उतरलेला. दोघांनी दुपारपर्यंत काम केलं. बोलले ते तेवढ्यापुरतंच: ही मुळी तोड, तो दगड धर. त्यांना पाहून हळूहळू दोन्हीकडची माणसं आली. पाणी निवळलं.

सोबती पुन्हा सोप्यावर येऊ लागला, पण आता दोघे जपून बोलत. पावसाचं, काजूचं, गुरांचं. पूर्वीसारखं तावातावाने भांडणं राहिलं नाही. पुढे खाणीवर ट्रक चालवणारा त्याचा मुलगा दूर साखळी गावात स्थायिक झाला आणि त्यालाही घेऊन गेला. हे मात्र दर मतदानाला मला शाळेपर्यंत सोडून झरीवर जात राहिले.

हे गेले तेव्हा सोबती साखळीहून बस बदलत आला. पाय सुजले होते. चहा घेताना त्याची नजर यांच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"वहिनी," तो म्हणाला, "मत मी एकदाही चुकवलं नाही. पण मत देऊन घरी आलो की वाटायचं, आता कोरगावला जावं. तो वर एकटा असेल."

"मग आला का नाहीत?"

"बोलावणं यायची वाट बघत राहिलो."

हे घरी काय म्हणत ते मी त्याला सांगितलं नाही. चिखल काढून आले की पाय धुताना विचारायचे, साखळीहून कोणी आलं होतं का.